नेपाळच्या यात्रेत नेट मिळते, अडते ते आपल्याच नंबरावर

बेळगाव : निपाणी, कागल, चंदगडकडच्या लोकांना मोबाईलची सीमा काही नवी नाही. माणूस घरातच बसलेला असायचा, पण फोनला टॉवर शेजारच्या राज्याचा लागायचा आणि रोमिंगचे पैसे कापले जायचे. देशातल्या देशातला तो ताप संपून आता बरीच वर्षे झाली. त्यामुळे रोमिंग हा शब्दच लोक विसरून गेलेत. तो पुन्हा आठवतो तो थेट सोनौलीला, नेपाळच्या कमानीखालून बस पुढे सरकते तेव्हा.

दिवाळीनंतर आणि पुन्हा मार्च ते मे या महिन्यांत बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथून मराठी मंडळींच्या बसगाड्या आणि रेल्वे-ग्रुप नेपाळला निघतात. काशी, अयोध्या करायची, गोरखपूरमार्गे सोनौली गाठायची, मग लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ आणि शेवटी काठमांडूला पशुपतिनाथ, असा साधारण ठरलेला मार्ग. थोडे जास्त पैसे भरणारे दिल्लीहून विमानाने थेट काठमांडूला उतरतात. ग्रुपमधले निम्मे लोक साठीच्या पुढचे असतात. घरी मुले पुण्यात, बेंगळुरूत किंवा परदेशात. सीमा ओलांडल्यावर पाच-सहा तासांत आई-बाबांचा फोन लागेनासा होतो आणि इकडे घालमेल सुरू होते.

टूरवाल्याच्या पत्रकात 'सर्व हॉटेलांत वायफाय' असे छापलेले असते. ते खोटे नसते. नेपाळ गरीब देश असला तरी नेट तिथे दुर्मिळ राहिलेले नाही. काठमांडू-पोखऱ्यात चहाच्या टपरीवरही वायफाय सापडते. खरी अडचण निराळीच आहे. आपली बँक, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप आणि सगळे ओळखीचे नंबर ज्या एका भारतीय सिमवर टांगलेले आहेत, ते सिम सीमेपलीकडे गप्प बसते. त्याची तयारी बेळगावातच, निघण्याआधी करावी लागते. तिकडे गेल्यावर त्यातले निम्मे काम होतच नाही.

प्रीपेड सिम आणि ओटीपीचा घोळ

आपल्याकडे बहुतेकांचे सिम प्रीपेड. साध्या रिचार्जवर ते नेपाळमध्ये चालत नाही. आंतरराष्ट्रीय रोमिंग वेगळे चालू करावे लागते, त्याचा पॅक वेगळा असतो. पोस्टपेड असेल तरी कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा कस्टमर केअरला सांगून रोमिंग सुरू करून घ्यावे लागते. हे केले नाही तर फोनला नेटवर्कच लागत नाही, आणि नेटवर्क नाही म्हणजे बँकेचा ओटीपी नाही.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. हॉटेलचे वायफाय लागले, व्हॉट्सअ‍ॅप चालू झाले, म्हणजे फोन 'चालू' झाला असे वाटते. पण ओटीपी व्हॉट्सअ‍ॅपवरून नव्हे, साध्या एसएमएसने येतो आणि एसएमएसला सिमचे नेटवर्क लागते. परतीचे विमान तिकीट बदलायचे असो, कार्डाने हॉटेलचे बिल भरायचे असो, गाडी तिथेच अडते.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चिक नाही. सगळ्यात छोटा रोमिंग पॅक मारून घ्यावा, तोही फक्त नंबर जिवंत ठेवण्यासाठी. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस सहसा फुकट असतो. येणाऱ्या कॉलला मात्र पैसे पडतात. 'कर्ज हवे का' म्हणून विचारणारा फोन पोखऱ्यात उचलला तर त्याचेही पैसे आपल्याच खात्यातून जातात. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे ज्येष्ठांना दोनदा सांगितलेले बरे. डेटा रोमिंगचे बटण बंद ठेवायचे. ते चालू राहिले आणि पॅकमधला डेटा संपला, तर फोनमधली अ‍ॅप मागच्या मागे अपडेट होत राहतात. पोस्टपेडवाल्यांना त्याचा हिशेब घरी आल्यावर बिलात दिसतो.

पॅक मारायचा राहून गेलाच, तरी सगळे संपले असे नाही. भारतातला मुलगा किंवा शेजारी त्याच्या फोनवरून आपल्या नंबरावर रोमिंगचे रिचार्ज मारू शकतो. मात्र तेवढे कळवण्यापुरते तरी वायफाय हाताशी हवे.

सिम बदलायचे नाही, दुसरे घालायचे

दुसरी चूक याहून महाग पडते. नेपाळी सिम घ्यायचे म्हणून लोक भारतीय सिम काढून पाकिटात, पर्समध्ये, अगदी जपमाळेच्या पिशवीत ठेवतात. नखाएवढी वस्तू ती, दोन दिवसांत हरवते. हरवली नाही तरी यूपीआय अ‍ॅप बिघडते. ही अ‍ॅप ज्या सिमवर नोंदवलेली असतात ते फोनमध्ये आहे का, हे तपासतात. सिम दिसले नाही की पुन्हा नोंदणी मागतात. त्यासाठी त्याच नंबरावरून एसएमएस जावा लागतो, आणि तो परदेशातून जाईल याची खात्री नसते.

व्हॉट्सअ‍ॅपचे तसे नाही. आतापर्यंत ते नव्या सिमवरही जुन्याच नंबराने चालत आले आहे. नवे सिम घातल्यावर 'नंबर बदलायचा का' असे विचारले तर नाही म्हणायचे, एवढेच. पण केंद्राच्या दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मेसेजिंग अ‍ॅपसाठीही निर्देश काढले, की ज्या सिमवर खाते आहे ते सिम फोनमध्ये असलेच पाहिजे. म्हणजे भारतीय सिम जागेवर ठेवण्याचे हे आणखी एक कारण झाले.

आजकालच्या बहुतेक फोनमध्ये दोन सिमची सोय असते. पहिल्या खाचेत भारतीय, दुसऱ्यात नेपाळी. सेटिंगमध्ये 'मोबाईल डेटा' नेपाळी सिमवर ठेवायचा आणि एका सिमवरून दुसऱ्यावर डेटा आपोआप उडी मारण्याची सोय बंद करायची. ज्यांच्या दोन्ही खाचा भारतीय सिमांनी भरल्यात, त्यांनी बँकेला जोडलेले सिम ठेवावे, दुसरे घरीच काढून ठेवून यावे. नव्या फोनला ई-सिम चालते, त्यात काही काढायचे-घालायचे राहत नाही. पण ई-सिमची खटपट घरी, मुलांसमोर करून ठेवावी. विमानतळावर सामान सांभाळत क्यूआर स्कॅन करणे जमत नाही.

एनटीसी की एनसेल

नेपाळमध्ये आता मोठ्या मोबाईल कंपन्या दोनच. एक सरकारी मालकीची नेपाळ टेलिकॉम. लोक तिला एनटीसी म्हणतात आणि तिच्या मोबाईल सेवेचे नाव 'नमस्ते'. दुसरी खासगी, एनसेल. स्मार्ट नावाची तिसरी कंपनी होती, तिचा परवाना २०२३ मध्ये गेला. कुणाच्या जुन्या माहितीत ते नाव असेल तर खोडून टाकावे.

काठमांडू, पोखरा, लुंबिनी, जनकपूर आणि सगळ्या तराईत दोन्ही चालतात, वेगही ठीक. डोंगरात वर गेले की सहसा एनटीसी बरे पडते. आपल्याकडे चोर्ला घाटात किंवा आंबोलीत जे होते तेच तिथेही होते. एका वळणावर एका कंपनीची रेंज, पुढच्या वळणावर दुसरीची, मधे काहीच नाही. आठ-दहा जणांच्या ग्रुपने एक एनटीसी आणि एक एनसेल अशी दोन सिम घेतली तर निभावते. दोघांच्या फोनवरून हॉटस्पॉट सोडायचा, बाकीच्यांनी त्यावर घरी फोन करायचे. प्रत्येकाने रोमिंगचा मोठा पॅक मारायचा म्हटले तर तो खर्च माणशी आणि दिवसागणिक चढत जातो. सिमचा खर्च एकदाच आणि तो वाटून घेता येतो. दोन-तीन दिवसांचे काठमांडू दर्शन असेल तर मात्र रोमिंग पॅकच सोयीचा, उगाच सिमच्या रांगेत उभे राहू नये.

सिमला कागद लागतात. ज्या ओळखपत्रावर नेपाळमध्ये प्रवेश केला ते, त्याची झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचा फोटो जवळ असावा. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार कार्ड चालते. आधार कार्ड मात्र सरसकट चालत नाही. त्याची सवलत १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्यांना आहे. मधल्या वयाचे लोक फक्त आधार घेऊन निघतात आणि विमानतळावर अडकतात, हे सिमपेक्षा मोठे दुखणे आहे. पासपोर्ट असेल त्याने तोच न्यावा, सिमच्या काउंटरवरही काम लवकर होते.

विमानाने जाणाऱ्यांना काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर दोन्ही कंपन्यांचे काउंटर मिळतात. रस्त्याने जाणाऱ्यांनी सोनौलीच्या पलीकडे बेलहियात गर्दीतल्या टपरीवर घाई करू नये. आधीच चालू केलेले, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या नावावरचे सिम गळ्यात मारले जाण्याची भीती असते. असे सिम मधेच बंद पडले तर तक्रारही करता येत नाही. भैरहवा तिथून जेमतेम चार किलोमीटर. तिथे कंपनीच्या काउंटरवरून किंवा चांगल्या दुकानातून आपल्या नावावर घ्यावे आणि डेटा पॅकही दुकानदाराकडूनच चालू करून घ्यावा. नेट सुरू झालेले बघितल्याशिवाय दुकान सोडायचे नाही.

पैसे देताना एक प्रश्न हमखास विचारायचा: 'आईसी की एनसी?' आईसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. आपल्या १०० रुपयांना त्यांचे १६० हा भाव १९९३ पासून पक्का बांधलेला आहे. दुकानदाराने एनसीत सांगितलेले ५०० आपण आईसीत मोजले, तर १८७ रुपये विनाकारण जास्त गेले. बोलीतला घोळ आहे, दर वेळी ती लबाडीच असते असे नाही.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे, तो म्हणजे देवनागरी. पाट्या वाचता येतात. 'सिम कार्ड पाइन्छ', 'रिचार्ज कार्ड पाइन्छ' अशी पाटी दिसली की तिथे ते मिळते असे समजावे. 'वाइफाइको पासवर्ड के हो?' एवढे वाक्य पाठ केले तरी सकाळ-संध्याकाळ उपयोगी पडते. रेंज पकडण्याला तिकडे 'टिप्नु' म्हणतात. कुठल्या गावात कुठले सिम चालते हे बस ड्रायव्हरला विचारायचे तर 'यहाँ एनटीसी टिप्छ कि एनसेल?' असे विचारले की तो हसून नीट सांगतो.

दहा आकडी नंबरांची गंमत

नेपाळचे मोबाईल नंबरही दहा आकडी, आणि तेही ९८ किंवा ९७ ने सुरू होणारे. एनटीसीचे ९८४, ९८५, ९८६, एनसेलचे ९८०, ९८१, ९८२. आपल्याकडेही ९८ ने सुरू होणारे जुने नंबर घरोघरी आहेत. फोनबुकमध्ये सुनेचा नंबर पुढे +९१ न लावता साठवलेला असेल आणि नेपाळी सिमवरून तो लावला, तर फोन लागायचा बुटवल नाहीतर विराटनगरच्या भलत्याच माणसाला. 'हेलो, को बोल्नुभयो?' असे ऐकू आले की बाई घाबरून फोन ठेवतात, पुन्हा लावतात, पुन्हा तेच. निघण्याआधी घरच्या सात-आठ महत्त्वाच्या नंबरांपुढे +९१ लावून ठेवले की हा प्रश्न सुटतो. इकडून नेपाळी नंबर लावणाऱ्यांनी आधी +९७७ लावायचे.

घड्याळाचेही तसेच. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे. फोनमधले घड्याळ टॉवर बघून आपोआप बदलते, आणि सीमेवर भारतीय टॉवरची रेंज पलीकडेही काही अंतर जाते. त्यामुळे बेलहियात शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांच्या फोनमध्ये दोन वेळा दिसू शकतात. बस सुटण्याची वेळ ड्रायव्हरच्या घड्याळावर ठरवायची. याच कारणाने सीमेवर पोचल्यावर आपले भारतीय सिम चालताना बघून 'नेपाळमध्ये पण चालतंय की' असे कुणी म्हणाले तर विश्वास ठेवू नये. बुटवलचा चढ लागायच्या आधीच ते गेलेले असते. उलट रक्सौल किंवा सोनौलीच्या अलीकडच्या लॉजवर नेपाळी टॉवर लागून भारतात बसल्या जागी रोमिंग सुरू होऊ शकते. तिथे नेटवर्क हाताने निवडून ठेवावे.

फोनपे नावाचे दोन भाऊ, पण भाऊ नव्हेत

नेटचा प्रश्न आता नुसता बोलण्यापुरता राहिलेला नाही, तो पैशाचाही झाला आहे. मार्च २०२४ पासून भारतीयांना नेपाळमधल्या दुकानांत यूपीआयने पैसे देता येतात. आपल्या एनपीसीआयच्या परदेश व्यवहार पाहणाऱ्या कंपनीने तिथल्या फोनपे या कंपनीशी करार करून ही सोय केली. नावाने लोक फसतात. हे नेपाळी फोनपे निराळे आणि आपल्याकडचे जांभळ्या चिन्हाचे फोनपे निराळे. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. नेपाळी पाटी बघून आपले अ‍ॅप तिथे आपसूक चालेल असे समजायचे नाही. आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये 'इंटरनॅशनल' व्यवहार आधी चालू करावे लागतात. आपली बँक आणि आपले अ‍ॅप दोन्ही ते करू देतात का, हे घरूनच तपासावे. हे दुकानदाराचा क्यूआर स्कॅन करण्यापुरते असते. तिथल्या टॅक्सीवाल्याच्या मोबाईल नंबरावर पैसे टाकता येतील असे गृहीत धरू नये.

आता यातली साखळी बघा. यूपीआयला भारतीय सिम फोनमध्ये हवे, आणि स्कॅन करायला नेट हवे, ते येणार नेपाळी सिमवरून किंवा हॉटस्पॉटवरून. एक कडी तुटली की खिशात पैसे असून नसल्यासारखे. म्हणून नेपाळी नोटांची थोडी रक्कम प्रत्येकाकडे असलीच पाहिजे. ग्रुपच्या एकाच माणसाकडे सगळी रोकड देऊन बाकीच्यांनी निर्धास्त होण्याची पद्धत गर्दीच्या पशुपतिनाथात त्रासदायक ठरते. मोठ्या भारतीय नोटांबद्दलचे नियम मधल्या काळात बदलत गेलेत, निघायच्या आठवड्यात बँकेत विचारून घ्यावे.

बँकेचे काम हॉटेलच्या उघड्या वायफायवर करू नये, सिमच्या डेटावर करावे. वायफाय फोटो पाठवायला, व्हिडिओ कॉलला ठीक आहे.

पोखऱ्याच्या पुढे

मुक्तिनाथ सुमारे ३,८०० मीटर उंचीवर. पोखऱ्याहून बेनी, पुढे कालीगंडकीच्या काठाने जोमसोम आणि मग मुक्तिनाथ. रस्ता दमवणारा, आणि फोनच्या दृष्टीने सगळ्यात बेभरवशाचा टप्पा हाच. जोमसोम आणि मुक्तिनाथला मोबाईलची रेंज मिळते, लॉजवर वायफायही असते, पण मधल्या खोऱ्यात तासन्‌ तास काही नाही. पोखऱ्याच्या हॉटेलात असतानाच नेपाळचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, तो नेटशिवाय चालतो. घरी आधीच सांगून ठेवावे की उद्या दिवसभर फोन लागणार नाही, रात्री वर पोचलो की करू. या एका वाक्याने किती घरांतली झोप वाचते! थंडीत बॅटरी लवकर उतरते, पॉवर बँक अंगाजवळ ठेवावी. विमानाने जाताना ती हातातल्या बॅगेतच न्यायची असते, चेक-इनच्या सामानात चालत नाही. एव्हरेस्ट किंवा अन्नपूर्णाच्या पायवाटांवर जाणाऱ्या तरुण मंडळींना चार्जिंगचे आणि वायफायचे वेगळे पैसे मोजावे लागतात. वर जावे तसा दर चढतो. सगळे काही खालून खांद्यावर किंवा खेचरावर न्यावे लागते, त्यामुळे त्यात वावगे काही नाही.

बेनी हे म्याग्दी जिल्ह्याचे ठिकाण. बस तिथे चहाला थांबते तेव्हा आजूबाजूच्या डोंगरांकडे जरा निवांत बघावे. याच जिल्ह्यात नांगी नावाचे खेडे आहे. तिथले शिक्षक महावीर पुन अमेरिकेत शिकून गावी परतले. फोनची तार नाही, पोचायला धड रस्ता नाही, अशा गावात त्यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वायफाय आणले. ही साधने खरे तर घरातल्या घरात वापरायची. त्यांनी ती झाडांवर, डोंगरमाथ्यावर चढवली आणि पोखऱ्याहून एकेक टप्पा करत सिग्नल गावापर्यंत नेला. पुढे तसे करत कितीतरी गावे जोडली. त्या जाळ्यावरून खेड्यातल्या दवाखान्याने शहरातल्या डॉक्टरांचा सल्ला घेतला, शाळांनी शिक्षक वाटून घेतले. २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि २०२५ च्या अंतरिम सरकारात ते शिक्षणमंत्री झाले. खानापूरच्या पश्चिम भागात अजून रेंजसाठी टेकडीवर चढणारी गावे आहेत, तिथल्या वाचकांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

नेट जाते कशाने

नेपाळला समुद्र नाही. जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबल मुंबई-चेन्नईला येतात, तिथून भारतातल्या कंपन्यांमार्फत बीरगंज, भैरहवा, विराटनगर अशा सीमानाक्यांवरून नेट नेपाळात शिरते. जानेवारी २०१८ मध्ये रसुवागढीच्या बाजूने चीनकडूनही एक वाट उघडली, पण मुख्य भिस्त आजही भारतावर आहे. मे २०२४ मध्ये तिथल्या नेट कंपन्यांची भारतीय पुरवठादाराकडे थकबाकी साचली, कारण परकीय चलनात पैसे पाठवायला सरकारी मंजुरी मिळत नव्हती. पुरवठा तोडला गेला आणि देशाच्या मोठ्या भागात काही तास नेट बंद पडले. हॉटेलच्या मालकाशी भांडून तेव्हा काहीच उपयोग नव्हता. पावसाळ्यात आणखी वेगळे. फायबरच्या तारा बहुतेक विजेच्या खांबांवरून जातात, दरड कोसळली की रस्ता, वीज आणि नेट तिन्ही एकदम जातात. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस काठमांडू खोऱ्यासह देशभरात आलेल्या पुरात आणि दरडींत दोनशेवर माणसे गेली आणि महामार्ग बंद पडले.

सगळ्यात मोठा धक्का बसला तो सप्टेंबर २०२५ मध्ये. नेपाळ सरकारने नोंदणी केली नाही म्हणून ४ सप्टेंबरला २६ समाजमाध्यमे आणि मेसेजिंग अ‍ॅप बंद करण्याचा आदेश दिला. त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब तर होतेच, पण व्हॉट्सअ‍ॅपही होते. ८ तारखेला तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबारात त्या एका दिवशी १९ जण मेले. रात्री बंदी उठली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. संसद पेटली, विमानतळ बंद झाले. जिथे होते तिथे प्रवासी अडकले, त्यात महाराष्ट्र, कर्नाटकातलेही होते.

यात्रेकरूंच्या दृष्टीने त्या चार-पाच दिवसांतली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नेट चालू होते, तरी घरी बोलण्याचा एकमेव रस्ता ज्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ठेवला होता त्यांचा तो रस्ता बंद झाला. नोंदणी केलेले व्हायबर सुरू होते. नेपाळी माणसे व्हायबर आधीपासूनच भरपूर वापरतात. साधा फोन कॉल तर त्या बंदीत नव्हताच. तेव्हा घरच्या एका तरी माणसाच्या आणि यात्रेकरूच्या फोनमध्ये दुसरे एखादे अ‍ॅप आधीपासून असावे, आणि नेपाळी सिमवर नुसता डेटा नव्हे, भारतात दोन-चार मिनिटे बोलता येईल एवढी शिल्लकही ठेवावी.

शिवाय कागद. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी: हॉटेलचे नाव आणि नंबर, टूरवाल्याचा नेपाळमधला नंबर, काठमांडूच्या भारतीय दूतावासाचा नंबर, घरचे दोन नंबर +९१ सकट. त्याची एक प्रत घरी फ्रिजवर चिकटवलेली. फोन हरवला, बॅटरी उतरली किंवा नेट गेले तरी ही चिठ्ठी दाखवून कुठल्याही दुकानातून फोन लावता येतो. घरच्यांनीही रोजची एक वेळ ठरवून घ्यावी, इथले रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथले पावणेनऊ. ती वेळ टळली की लगेच घाबरायचे नाही, दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहायची आणि मगच टूरवाल्याला फोन करायचा. एकाच ग्रुपच्या वीस घरांतून एकाच रात्री फोन सुरू झाले तर त्या बिचाऱ्याचाही फोन लागेनासा होतो.

परत येताना सोनौली ओलांडली की मोबाईल डेटा पुन्हा भारतीय सिमवर करायचा, रोमिंग बंद झाले का बघायचे आणि हॉटस्पॉटचा पासवर्ड बदलायचा. नेपाळी सिम हॉटेलातल्या पोऱ्याला किंवा सहप्रवाशाला देऊन टाकण्याची दानशूर सवय काहींना असते. ते सिम आपल्या ओळखपत्रावर, आपल्या फोटोवर काढलेले असते. त्यावरून पुढे कुणी काय करेल याचा जाब आपल्या नावावर लागू शकतो. ते मोडून टाकावे, किंवा घरी आणून डबीत ठेवावे.